घास उतरतो का, हे विचारणारं माणूस कमी करू नका

मा. अध्यक्ष आणि विश्वस्त मंडळी,

सविनय नमस्कार.

गेल्या महिन्यात लिफ्टशेजारच्या फलकावर लागलेलं परिपत्रक मी तिथेच उभ्या उभ्या वाचलं. नऊ ओळी आहेत. मथितार्थ असा: ३१ मेला मी निवृत्त झालो की छाती व अन्ननलिका शस्त्रक्रिया विभागातली पूर्णवेळ सर्जनची जागा भरायची नाही, लागेल तसा बाहेरून सर्जन बोलवायचा. पाठपुरावा कक्ष बंद करून ती खोली हेल्थ चेकअप विभागाला द्यायची. समाजसेविकेला दुसरीकडे वर्ग करायचं. आणि दहा वर्षांपूर्वीची 'अनावश्यक कागदपत्रे व नमुने' नष्ट करायचे.

यावर मी आपल्याला दोन पत्रं दिली. दोन्हींवर आवक-जावकचा शिक्का बसला, पोच मिळाली, उत्तर आलं नाही. म्हणून हे तिसरं, सगळ्यांच्या देखत. रुग्णालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. इथे मला पंचवीस वर्षं पगार मिळाला, मान मिळाला. माझं भांडण एका निर्णयाशी आहे. शिवाय असे निर्णय आपल्याकडेच होतात असंही नाही. आपलं नाव लिहिलं तर बाकीचे सुटतील.

आधी त्या खोलीबद्दल, कारण आपल्यापैकी बरेच जण तिथे कधी आलेले नाहीत. दहा बाय बाराची खोली. एक लोखंडी कपाट, ज्याचं खालचं दार गुडघ्याने दाबल्याशिवाय बंद होत नाही. आत लाल कापडी पाठीची जाड, आडवी रजिस्टरं. प्रत्येक रुग्णाला एक ओळ. डाव्या पानावर नाव, गाव, तालुका, तंबाखू की विडी की मिश्री, गाठ कुठे, ऑपरेशन कधी, कोणी केलं, जोड गळला का, घरी कधी सोडलं. उजवं पान सुरुवातीला कोरं. त्यावर दर तीन महिन्यांनी, पुढे सहा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा एवढीच नोंद होते: आज कसे आहेत.

ते उजवं पान म्हणजे माझं संशोधन. प्रयोगशाळा नाही, उंदीर नाहीत, पांढऱ्या कोटातला फोटो नाही. फुप्फुसाचा किंवा अन्ननलिकेचा कॅन्सर काढून टाकणारा सर्जन संशोधन करतो म्हणजे मुख्यतः हेच करतो: आपण कापलं, त्याचं पुढे काय झालं, हे वर्षानुवर्षं विचारत राहतो. उत्तर आवडलं नाही तरी लिहून ठेवतो.

सुरुवातीला आम्ही जोडकार्डं पाठवायचो. एक आमचं, एक त्याला चिकटलेलं कोरं, पत्ता आधीच लिहिलेला. गावातून उत्तरं यायची. 'पेशंट ठीक आहे, भाकरी कुस्करून खातो.' 'पेशंट मुंबईला लेकाकडे गेला, आल्यावर पाठवतो.' एकावर नुसतं 'मयत', खाली तारीख आणि ग्रामपंचायतीचा गोल शिक्का. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी आमच्या समाजसेविका ताईंनी एका दुपारी ती सगळी कार्डं माझ्या टेबलावर गावांप्रमाणे मांडली आणि म्हणाल्या, "सर, हे बघा. हे सगळे घरी गेल्यावर तीन महिन्यांच्या आत गेलेत. आणि आपण समजतोय, आले नाहीत म्हणजे बरे असतील."

खरंच तसं समजत होतो मी. ओपीडीत जो परत येतो तो दिसतो. जो येत नाही, त्याच्याबद्दल सर्जनचं मन फार उदार असतं.

ताईंनी एकेका घरी माणूस पाठवून, जिथे शेजारी फोन होता तिथे फोन लावून विचारलं. कॅन्सर उलटला असेल असं मला वाटत होतं. निघालं भलतंच. अन्ननलिका काढल्यावर आपण जठराची नळी करून वर छातीत किंवा मानेत जोडतो, आणि जोड भरून येईपर्यंत पोटातून आतड्यात एक बारीक नळी ठेवतो, तिच्यातून पातळ अन्न द्यायला. कोणाची ती नळी घरी तुंबली होती. कोणाची रात्री झोपेत निघाली होती. तालुक्याच्या डॉक्टरांनी 'मोठ्या दवाखान्यात जा' म्हटलं, एसटीचं भाडं नव्हतं, सुगीचे दिवस होते. तोंडाने दोन घासांच्या वर जात नव्हतं. माणूस हळूहळू वाळत गेला. आठ तासांच्या ऑपरेशनमधून वाचलेली माणसं घरात उपाशी गेली होती, आणि माझ्या फाइलीत त्यांच्यासमोर 'शस्त्रक्रिया यशस्वी' लिहिलेलं होतं.

त्यानंतर आम्ही चार गोष्टी बदलल्या. नळी लवकर काढायचं थांबवलं. घरी सोडण्याआधी नातेवाइकाने स्वतःच्या हाताने नळीतून अन्न देऊन, कोमट पाण्याने ती धुऊन दाखवल्याशिवाय डिस्चार्ज कार्डावर सही करायची नाही असं ठरवलं. डबाबंद पावडर परवडत नाही, म्हणून नाचणीचं सत्त्व, वरणाचं पाणी, दूध गाळून कसं द्यायचं याचा कागद मराठीत काढला. आणि ताई सातव्या दिवशी स्वतः फोन करू लागल्या. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "बाबा, घास उतरतो का?" ताप, खोकला, टाके, सगळं त्यानंतर. हे सुधारलेलं काम उजव्या पानावर दिसायला दोन वर्षं लागली. ते दिसलं, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

आपल्यापैकी एक विश्वस्त मला म्हणाले होते, "डॉक्टर, वह्या ठेवून पेशंट जगत नसतो." त्यांना उत्तर म्हणून वरचे चार परिच्छेद.

आता निर्णयातल्या एकेका गोष्टीबद्दल.

पहिली, पाठपुरावा बंद करण्याबद्दल. आपला समज असा दिसतो की ही जुन्या काळची पद्धत आहे, आता उपचार पुढे गेले. पुढे गेले हे खरं. पण कुठल्या आधारावर गेले ते पाहा. नेदरलँड्समध्ये 'क्रॉस' नावाचा अभ्यास झाला, २०१२ साली छापून आला. ३६६ रुग्ण. अर्ध्यांवर थेट ऑपरेशन. अर्ध्यांना आधी पाच आठवडे केमो आणि रेडिएशन, मग ऑपरेशन. नुसत्या ऑपरेशनवाल्यांचं मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण याहून जास्त जगले) २४ महिने, दुसऱ्या गटाचं ४९ महिन्यांच्या वर. आज आपल्या रुग्णालयातही अन्ननलिकेच्या रुग्णाला आधी 'लाईट' घ्यायला पाठवतात ते यामुळे. २४ आणि ४९ हे आकडे कोणीतरी फोन करून, पत्रं पाठवून, माणूस जिवंत आहे का हे विचारूनच काढलेत.

याच अभ्यासातली एक बारीक गोष्ट आपल्यासाठी फार मोठी आहे. त्यातले तीन चतुर्थांश रुग्ण अन्ननलिकेच्या खालच्या टोकाच्या, ग्रंथीपेशींच्या कॅन्सरचे होते. पाश्चात्त्य देशांत तोच जास्त. आपल्याकडे तंबाखू-मिश्रीवाला, अस्तराच्या चपट्या पेशींचा कॅन्सर जास्त. त्या प्रकारचे रुग्ण तिथे चौथ्या हिश्शाहून कमी होते, पण त्यांच्यातल्या आधी केमो-रेडिएशन घेतलेल्या ४९ टक्क्यांत ऑपरेशनच्या वेळी कॅन्सरची एकही जिवंत पेशी सापडली नाही. म्हणजे जवळपास निम्म्या लोकांची अन्ननलिका कदाचित वाचवता आली असती! पण कोणाची, हे आधी कळत नाही. मग डच डॉक्टरांनी पुढचा अभ्यास केला, 'सानो' नावाचा. ज्यांच्यात केमो-रेडिएशननंतर तपासण्यांत काही दिसत नाही त्यांचं ऑपरेशन लगेच न करता त्यांच्यावर नजर ठेवायची, ठरलेल्या तारखांना दुर्बीण आणि बायोप्सी करत राहायची, परत दिसलं तरच कापायचं. दोन वर्षांच्या जगण्यात हा गट मागे पडला नाही.

मंडळी, माझ्यासारख्या सर्जनला हे वाचून आनंद आणि धास्ती एकदमच वाटते. माझी सुरी कमी चालेल याचा आनंद. धास्ती अशासाठी की 'नजर ठेवणे' हा उपचार सबंध पाठपुराव्यावर उभा आहे. करमाळ्याच्या शेतकऱ्याला 'आता ऑपरेशन नको, तीन महिन्यांनी ये' म्हणायचं आणि तीन महिन्यांनी तो आला नाही तर विचारणारं कोणी ठेवायचं नाही, याला उपचार म्हणता येणार नाही. सगळ्यात आधुनिक उपचार द्यायचा तर सगळ्यात आधी ती दहा बाय बाराची खोली लागते. ती आपण चेकअपला देत आहात.

फुप्फुसाचंही तेच. १९९५ सालच्या अमेरिकेतल्या अभ्यासानंतर आम्ही सगळे ठामपणे मानत होतो की गाठ लहान असली तरी फुप्फुसाचा पूर्ण कप्पा काढायचा, कमी काढलं तर रोग परततो. २०२२ साली जपानच्या सत्तर रुग्णालयांनी ११०६ रुग्णांचा निकाल दिला. दोन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींना कप्प्याचा छोटा भागच काढला तर पाच वर्षं जगणारे ९४.३ टक्के, पूर्ण कप्पा काढला तर ९१.१. गंमत अशी की छोट्या ऑपरेशनमध्ये रोग त्याच जागी परतण्याचं प्रमाण खरंच जास्त होतं, तरी माणसं जास्त जगली. लवकर थांबून नुसता रोग परतण्याचा हिशोब केला असता तर उलटा निष्कर्ष निघू शकला असता. ते सात वर्षं थांबले.

दुसरी गोष्ट, 'नमुने'. परिपत्रक लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा धूळ खाणारे खोके असतील. ते मेणात बसवलेले गाठींचे तुकडे आहेत. आम्ही ब्लॉक म्हणतो, अंगठ्याच्या नखाएवढे. त्यांना वीज लागत नाही, औषध लागत नाही, कोरडी जागा पुरते. जेफिटिनिब नावाची गोळी फुप्फुसाच्या कॅन्सरवर आली तेव्हा ती काही थोड्या रुग्णांना अजब लागू पडायची आणि बाकीच्यांना मुळीच नाही. का, ते कोणालाच कळेना. २००४ साली बोस्टनच्या संशोधकांनी गोळी लागू पडलेल्यांच्या आधी काढून ठेवलेल्या गाठी तपासल्या आणि ईजीएफआर या जनुकातला बदल सापडला. गाठी फेकून दिल्या असत्या तर? पुढे त्याच गोळीला केमोची जोड देऊन मुंबईच्या टाटा मेमोरियलने ३५० रुग्णांचा अभ्यास केला, २०२० साली छापला: रोग रोखून धरण्याचा काळ ८ महिन्यांवरून १६ वर गेला. सगळी औषधं जुनी, स्वस्तात मिळणारी. हे आपल्या मातीतलं संशोधन. आपले ब्लॉक असल्या कामाला उद्या लागतील की नाही हे मी सांगू शकत नाही. २००४ च्या आधी तेही कोणी सांगू शकलं नसतं.

तिसरी, बाहेरचा सर्जन. इथे माझा स्वार्थ नाही, मी जातोच आहे. अन्ननलिकेचा जोड गळतो तो बहुतेक वेळा ऑपरेशननंतर पाचव्या-सातव्या दिवशी, आणि का कोण जाणे, रात्रीच. नाडी वाढते, श्वास वाढतो, छातीत ठेवलेल्या नळीतून येणाऱ्या पाण्याचा रंग बदलतो. तो रंग ओळखणारा माणूस तेव्हा दुसऱ्या शहरात तिसऱ्या रुग्णालयात असेल. अमेरिकेतल्या सरकारी विम्याच्या नोंदींवरून २००२ साली मोठा अभ्यास झाला होता: जिथे हे ऑपरेशन क्वचित होतं तिथे दगावणारे साधारण वीस टक्के, जिथे भरपूर होतं तिथे आठच्या आसपास. हात तोच असला तरी रात्रीची नर्स, भूलतज्ज्ञ, आयसीयू, श्वासाचे व्यायाम करून घेणारी फिजिओथेरपिस्ट, हे सगळं मिळून ऑपरेशन होतं. ते केसप्रमाणे भाड्याने येत नाही.

चौथी गोष्ट पैशाची. संशोधन समितीचा नवा दंडक असा की ज्या प्रकल्पाला बाहेरून निधी येईल तोच मंजूर. म्हणजे कंपनीचं औषध असेल तर. कंपन्यांच्या अभ्यासांवर माझा राग नाही. मीही त्यांत भाग घेतलाय आणि रुग्णांना महागडं औषध फुकट मिळालंय. पण पोटातली नळी किती दिवस ठेवावी, या प्रश्नाला पैसे देणारी कंपनी मला आजवर भेटलेली नाही. वरणाच्या पाण्याचं पेटंट निघत नाही. टीबी समजून सहा महिने गोळ्या खाल्लेला आणि मग फुप्फुसाचा कॅन्सर निघालेला रुग्ण महिन्यातून एकदा तरी माझ्यासमोर बसतो. तो उशीर नेमका कुठे होतो हे शोधण्यातही कोणाचा नफा नाही. असे प्रश्न आपल्यासारख्या विश्वस्त संस्थेने विचारायचे नाहीत तर कोणी?

बढतीसाठी पैसे भरून छापून आणल्या जाणाऱ्या निबंधांबद्दल लिहायला बसलो तर हे पत्र संपणार नाही. सोडून देतो.

माझं चुकलं तेही सांगायला हवं. पंचवीस वर्षं नोंदी ठेवल्या, पण त्यातलं छापलं फार थोडं. 'वेळ नाही' म्हणायचो. खरं कारण काही निकाल माझ्याच हाताविरुद्ध जात होते. वह्या वेळेवर संगणकावर घेतल्या नाहीत. दोन चांगले विद्यार्थी संशोधन करायचं म्हणून थांबले होते, त्यांना ओटीत (ऑपरेशन थिएटरात) इतकं राबवलं की ते निघून गेले. आपण उद्या म्हणालात, 'एवढं महत्त्वाचं होतं तर डॉक्टरांनी आजवर काय केलं?' तर तो प्रश्न रास्त आहे.

पण एका सर्जनच्या आळसाची शिक्षा रजिस्टरांना देऊ नका. निवासी डॉक्टरांना मी दरवर्षी दोन गोष्टी सांगतो. १९१३ साली न्यूयॉर्कला फ्रान्झ टोरेक यांनी एका ६७ वर्षांच्या बाईची कॅन्सरची अन्ननलिका छाती उघडून काढली. जोडायला काही नव्हतं, म्हणून मानेपासून पोटापर्यंत शरीराबाहेरून रबरी नळी लावली. बाई त्या नळीतून जेवत बारा-तेरा वर्षं जगली. दुसरी इव्हार्ट्स ग्रॅहम यांची. त्यांनी १९३३ च्या एप्रिलमध्ये सेंट लुईसला एका डॉक्टर रुग्णाचं एक सबंध फुप्फुस कॅन्सरसाठी काढलं. सिगारेटचा या कॅन्सरशी संबंध आहे हे ग्रॅहमना आधी पटत नव्हतं. एका विद्यार्थ्याच्या हट्टाने त्यांनी शेकडो रुग्णांच्या सवयी नोंदवल्या, १९५० साली स्वतःच्या मताविरुद्ध गेलेला निकाल छापला आणि सिगारेट सोडली. उशीर झाला होता. १९५७ साली ते फुप्फुसाच्या कॅन्सरनेच गेले. त्यांचा तो रुग्ण त्यांच्यानंतरही काही वर्षं जगत होता. कोणीतरी उजवं पान लिहिलं, म्हणून या दोन्ही गोष्टी मला ठाऊक आहेत.

आणि परदेशात कशाला जायचं? मुंबईत १९६३ साली कॅन्सरच्या नोंदी सुरू झाल्या. बार्शीत १९८७ साली, तेही गावोगाव फिरून, कारण खेड्यातला माणूस नोंदवायला आपणहून येत नाही. आपल्या राज्याला हे काम नवं नाही.

म्हणून मागण्या. चारच आहेत.

१. 'कागदपत्रे व नमुने नष्ट करणे' हा भाग आजच स्थगित करा. रजिस्टरं स्कॅन करून, रुग्णांची नावं झाकून, संस्थेच्या संगणकावर कुलूपबंद ठेवा. ब्लॉक पॅथॉलॉजी विभागाच्या ताब्यात द्या. स्कॅनिंगसाठी माझे निवृत्तीनंतरचे सहा महिने विनामोबदला घ्या.

२. पाठपुरावा कक्ष चालू ठेवा: एक समाजसेविका, एक लिपिक, एक टेलिफोन. खर्चाचा तपशील माझ्या पहिल्या पत्राला जोडलेला आहे, तो एकदा वाचा. खोली हवीच असेल तर जिन्याखालची चालेल.

३. पूर्णवेळ सर्जन नेमा, आणि त्याच्या नेमणूकपत्रात आठवड्याचा एक दिवस ओपीडी-ओटीविना, संशोधनासाठी म्हणून लिहून द्या. मला तो कधीच मिळाला नाही. मी मागितलाही नाही, हेही खरं.

४. दरवर्षी किती ऑपरेशनं झाली, किती जोड गळले, तीस आणि नव्वद दिवसांत किती रुग्ण गेले, हे प्रवेशद्वाराशी मराठीत लावा. सुरुवात माझ्या आकड्यांपासून करा, चांगल्या-वाईट सगळ्या वर्षांच्या.

बैठकीला बोलावलंत तर रजिस्टरं घेऊन येईन.

आपला,
छाती व अन्ननलिका शस्त्रक्रिया विभागातला ३१ मेपर्यंतचा सर्जन

ता. क. जून महिन्यात फोन करायच्या रुग्णांची यादी ताईंनी काढून ठेवली आहे, कपाटाच्या वरच्या खणात. पहिले आजोबा करमाळा तालुक्यातले. त्यांना फोन संध्याकाळी सातनंतर करावा, दिवसा रानात असतात. आणि जरा मोठ्याने बोलावं लागतं.